पोटरीचा आकडा निम्मा झाला, तरी पोटरी धरलेलीच

प्रश्न (पत्र संक्षिप्त करून): कराडजवळच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या ४१ वर्षांच्या वाचक चार वर्षांपासून पळतात. सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू आहे. उजवी पोटरी सतत धरल्यासारखी वाटते, तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला तर 'दगड होते'. एका सेंटरवर सोनोग्राफीने स्नायूचा ताठरपणा मोजून घेतला, म्हणजे इलॅस्टोग्राफी केली. उजवीकडे १३.२ किलोपास्कल आला, डावीकडे १०.८. पाच आठवडे रोज स्ट्रेचिंग आणि रोलर केल्यावर दुसऱ्या सेंटरवर पुन्हा तपासलं, तर उजवीकडे ५.३ आणि डावीकडे ४.४. निम्म्याहून कमी! पण पळताना फरक काहीच नाही. क्लबमधले सांगतात, वजनाचे व्यायाम आणि उतारावरचं पळणं बंद करा, त्यानेच स्नायू कडक होतात. घरचे म्हणतात, पळणंच सोड. मशीन म्हणतं पोटरी मोकळी आहे, मग ती तशी वाटत का नाही? उतार आणि वजनं सोडावीत का? तपासणी दर महिन्याला करावी का, आणि आठ हजारांची मसाज गन घ्यावी का?

उत्तर:

तुमच्या पोटरीचा ताठरपणा निम्मा झालेला नाही. तो होता तिथेच आहे, झालाच असेल तर किंचित वाढलाय. पत्रासोबत पाठवलेले रिपोर्टचे फोटो मोठे करून बघा. किलोपास्कलच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात आणखी एक आकडा छापलेला आहे, मीटर प्रति सेकंदमधला. पहिल्या रिपोर्टात उजवीकडे २.१ आणि डावीकडे १.९, दुसऱ्यात उजवीकडे २.३ आणि डावीकडे २.१. मशीन मुळात मोजतं ते एवढंच. किलोपास्कल त्यावरून गणिताने काढतात, आणि ते गणित दोन सेंटरांनी दोन रीतींनी केलंय.

ही तपासणी चालते कशी ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. प्रोबमधून, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या सोनोग्राफीच्या दांड्यातून, ध्वनीचा एक जोरकस झोत स्नायूच्या आत एका जागी सोडतात. त्या धक्क्याने स्नायूत आडवी थरथर उठते आणि बाजूला पसरत जाते. साधी सोनोग्राफीची लहर शरीरातून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जाते. ही थरथर मात्र आरामातल्या स्नायूत सेकंदाला दोन-तीन मीटरच सरकते. तरीही ती टिपायची तर सेकंदाला हजारो चित्रं घ्यावी लागतात, म्हणून हे तंत्र यायला बराच वेळ लागला. पॅरिसमधल्या संशोधकांनी २००४च्या सुमारास ते चालतं करून दाखवलं. तंबोऱ्याची तार जितकी ताणलेली, तितकी तिच्यातून लहर झपाट्याने जाते. स्नायूचंही तसंच आहे. वेग जास्त म्हणजे ताण किंवा ताठरपणा जास्त.

आता गणित. वेगाचा वर्ग केला की साधारण 'शिअर मॉड्युलस' मिळतो, म्हणजे ताठरपणाचं किलोपास्कलमधलं एक माप. २.१चा वर्ग ४.४. म्हणजे पहिल्या दिवशी तुमची उजवी पोटरी ४.४ किलोपास्कल होती. पण बरीच मशीन्स यकृत आणि स्तनाच्या तपासणीच्या हिशेबाने लावलेली असतात आणि पडद्यावर 'यंग्ज मॉड्युलस' हे ताठरपणाचं दुसरं माप दाखवतात, जे याच्या तिप्पट असतं. ४.४ गुणिले ३ म्हणजे १३.२, हाच तुमचा पहिला आकडा. दुसऱ्या सेंटरने तिनाने गुणलंच नाही. २.३चा वर्ग ५.३, तोच छापला. तेव्हा एका मापात तुलना केली तर उजवी पोटरी ४.४ वरून ५.३ वर गेलीय आणि डावी ३.६ वरून ४.४ वर. तिनाने गुणण्यामागे असं गृहीत आहे की तो अवयव सगळ्या दिशांनी सारखाच आहे. यकृताला ते बऱ्यापैकी लागू पडतं. स्नायू धाग्यांचा बनलेला, त्यात धाग्यांच्या दिशेने लहर पळते आणि आडवी रेंगाळते, त्यामुळे त्याला ते लागूच पडत नाही. म्हणून स्नायूच्या रिपोर्टात मीटर प्रति सेकंद हाच आकडा बघावा. बाकीचं डोळ्याआड केलं तरी चालेल. रंगीत चित्रावर तर मुळीच विसंबू नका. या पद्धतीत लाल म्हणजे सहसा ताठर, पण हाताने दाबून करायच्या जुन्या पद्धतीच्या काही मशीन्सवर लाल म्हणजे मऊ असतं.

मग वाढला तरी का, असं विचाराल. २.१ आणि २.३ मधला फरक इतका बारीक आहे की तेवढा तर पाऊल जरा वेगळं ठेवल्यानेही पडतो. तुमच्या पोटरीचा वरचा स्नायू, गॅस्ट्रोक्निमियस, गुडघ्याच्या वरून सुरू होतो आणि टाचेपर्यंत जातो. पालथं झोपून पाऊल बिछान्याच्या कडेबाहेर सैल सोडलं की तो जवळजवळ ढिला असतो. तंत्रज्ञाने तळव्याला हात लावून पाऊल काटकोनात आणलं की वेग चढतो, आणि बोटं नडगीकडे ओढली तर ताठरपणाचा आकडा कित्येक पट होतो. नडगीखाली उशी ठेवून गुडघा थोडा वाकवला की पुन्हा उतरतो. हे सगळं एकाच पायात, पाच मिनिटांच्या आत घडू शकतं. तुमच्या दोन्ही रिपोर्टांत पाऊल कसं होतं याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. एवढ्या एका कारणासाठीही मी त्या दोन आकड्यांची तुलना केली नसती.

शिवाय प्रोब. तो टेकवताना दाबला की आकडा वाढतो. धाग्यांना आडवा धरला की कमी होतो. चार सेंटीमीटरहून खोल गेलं की लहर क्षीण होते आणि मशीन जे दाखवतं त्यावर फार भरवसा ठेवता येत नाही.

तुम्ही लिहिलंय की दुसरी तपासणी मंगळवारी झाली आणि रविवारी यवतेश्वरचा घाट चढून-उतरून १६ किलोमीटर झाले होते. ही गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत, पण महत्त्वाची तीच आहे. व्यायामाने स्नायूचा ताठरपणा बदलतो, पण कोणता व्यायाम आणि मोजणी त्यानंतर किती वेळाने, यावर तो वाढतो की घटतो हे ठरतं. स्नायू लांबत असताना जोर लावावा लागतो असे व्यायाम, म्हणजे उतार उतरणं किंवा वजन सावकाश खाली आणणं, सवय नसताना केले तर तासाभरातच ताठरपणा वाढलेला दिसतो आणि काही वेळा तो दोन-तीन दिवस रेंगाळतो. धाग्यांना बारीक इजा होते, आतल्या कॅल्शियमचा तोल बिघडतो आणि काही धागे पूर्ण सुटत नाहीत, असा त्याचा उलगडा सांगितला जातो. स्टॅटिक स्ट्रेचिंगचं उलट. दोन ते पाच मिनिटं ताण धरला की पोटरी मऊ झालेली मशीनवर दिसते, पण दहा-वीस मिनिटांत ती बहुतेक मूळ पदावर येते. तुम्ही सेंटरच्या जिन्यात स्ट्रेचिंग करून आत गेला असता, तर कदाचित दुसराच निष्कर्ष घेऊन बाहेर पडला असता.

अगदीच लांब पल्ल्याचं आणखी वेगळं. इटलीतल्या आल्प्समध्ये 'तोर दे जेआँ' नावाची ३३० किलोमीटरची डोंगरी शर्यत असते. तिथे धावपटूंच्या मांड्या शर्यतीआधी आणि नंतर याच तंत्राने मोजल्या, तर नंतर त्या आधीपेक्षा मऊ निघाल्या. त्या माणसांना विचारलं असतं तर एकानेही 'मांड्या मोकळ्या वाटताहेत' म्हटलं नसतं.

इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. पोटरी धरल्यासारखी वाटणं आणि पोटरी मोजमापाने ताठर असणं, या दोन्हींचा संबंध तुम्ही गृहीत धरलाय त्याच्या मानाने फारच सैल आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१७ साली पाठदुखीच्या रुग्णांवर हे तपासलं. ज्यांना पाठ आखडल्यासारखी वाटत होती, त्यांची पाठ यंत्राने मोजल्यावर न आखडलेल्यांपेक्षा ताठर निघाली नाही. धरल्याची जाणीव बऱ्याचदा 'या भागाला सांभाळ' अशी मेंदूची सूचना असते. ती थकव्यातून येते, कमी ताकदीतून येते, जुन्या दुखापतीच्या धास्तीतून येते. स्ट्रेचिंगने आठवड्यांनंतर पाय जास्त वाकू लागतो, त्यातलाही मोठा वाटा स्नायू लांबल्याचा नसून ताण सोसायची सवय झाल्याचा असतो.

म्हणून मी तुमचा प्रश्न जरा फिरवून विचारेन. तुमची उजवी पोटरी चौथ्या किलोमीटरला दगड होते, ती ताठर आहे म्हणून की तिथवर तिचा जोर संपतो म्हणून?

हे तपासायला सेंटर लागत नाही. भिंतीला बोटांची टोकं नुसती टेकवून एका पायावर उभ्या राहा. गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण वर उचला आणि खाली आणा. दोन सेकंदांना एक, असा ठेका धरा. उंची कमी पडू लागली किंवा गुडघा वाकू लागला की मोजणं थांबवा. नियमित पळणाऱ्या व्यक्तीला २० ते २५ जमायला हवेत. मग दुसरा पाय. दुसरी चाचणी पावलाची: भिंतीकडे तोंड, पाऊल पूर्ण टेकलेलं, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा आणि पाऊल थोडं थोडं मागे न्यायचं. टाच सुटण्याआधीचं अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं शेवटचं अंतर सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा. दोन पायांत दोन सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर घोट्याकडे लक्ष द्यायला हवं. अंतर सारखं, पण टाचा उचलणं डावीकडे २३ आणि उजवीकडे १४ असं काही आलं, तर स्ट्रेचिंगने तुमचा प्रश्न सुटायचा नाही. घाट चढताना पाऊल वर वाकलेलं असतं, पोटरी लांबलेल्या अवस्थेत जोर लावते, त्यामुळे कमी ताकद तिथे आधी उघडी पडते.

वजनांनी स्नायू कडक होतात, हा समज जिममध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. मापनातून त्याला आधार मिळत नाही. दंडाच्या मागच्या स्नायूला सहा आठवडे वजनाचा व्यायाम देऊन मोजल्यावर स्नायू वाढलेला दिसला, पण आरामातला ताठरपणा बदलला नव्हता. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी, अकिलिस टेंडन, मात्र जड व्यायामाने खरोखर ताठर होते, आणि पळणाऱ्याला ते हवंच असतं. तिच्या लवचीक ताठपणावरच पाऊल उसळी घेतं.

तर वजनं सोडू नका, नीट करा. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून तीन सेकंदांत वर, एक सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली, टाच पायरीच्या पातळीखाली जाऊ द्या. १० ते १२ वेळा, तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. सुरुवातीला दोन्ही पायांवर आणि दोन आठवड्यांनी एका पायावर. तिन्ही सेटमध्ये १२ सहज होऊ लागले की पाठीवरच्या सॅकमध्ये तीन किलो घाला, मग पाच. याच्या जोडीला खुर्चीत बसून, मांडीवर गुडघ्याजवळ दहा किलोची तांदळाची पिशवी ठेवून टाचा उचला. गुडघा वाकलेला असला की वरचा स्नायू बाजूला पडतो आणि खालच्या सोलियसला काम करावं लागतं, लांब पळताना ओझं बरंचसं तोच वाहतो. आठवड्यातून दोनदा पुरे, लांब पळण्याच्या आदल्या दिवशी नको. व्यायामाच्या वेळी दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते गेलं पाहिजे. गेलं नाही तर एक पायरी मागे या. इथे सगळ्यात जास्त चूक होते ती खाली येण्याच्या वेगात. लोक टाच धपकन सोडतात आणि व्यायामाचा निम्मा फायदा तिथेच सांडतो.

उतार सोडला तर शर्यतीच्या दिवशी फसाल. सातारच्या शर्यतीत यवतेश्वर घाट चढून कासच्या दिशेने जायचं आणि त्याच रस्त्याने उतरून यायचं, म्हणजे जवळजवळ निम्मं अंतर उतार आहे. उताराचा मार पोटरीपेक्षा मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जास्त बसतो. पण स्नायू एकदा अशा कामातून गेला की पुढचे काही आठवडे त्याच कामाने त्याला पहिल्याइतकी इजा होत नाही. या गुणाचा फायदा घ्या. रविवारी एकदम १६ किलोमीटर घाट करण्याऐवजी आधी एक किलोमीटर सौम्य उतार, दहा-बारा दिवसांनी दोन, मग चार, अशी चढती भाजणी ठेवा आणि शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी उरका. पावलं आखूड टाका, टाच पुढे फेकून ब्रेक मारत उतरू नका. बूट अलीकडे बदलले असतील तर तेही आठवा. कमी उंचीच्या टाचेचा बूट पोटरीवरचं काम वाढवतो, तो एकदम सगळ्या पळण्यासाठी घालायचा नसतो.

स्ट्रेचिंग बंद करायचं कारण नाही. संध्याकाळी प्रत्येक बाजूला अर्धा-अर्धा मिनिट दोन-तीनदा, बरं वाटतं म्हणून, एवढंच त्याचं काम. पळण्याच्या लगेच आधी मिनिटापेक्षा जास्त वेळ एकच ताण धरला तर जोर थोडा उतरतो, तेव्हा तिथे चालणं, टाचा उचलणं आणि हलकं धावणं ठेवा. मसाज गनचे आठ हजार वाचवा. तिने, रोलरने किंवा घरातल्या लाटण्याने पोटरी रगडली की थोडा वेळ मोकळी वाटते, तिन्हींत फार फरक नाही. लाटणं पोळ्यांचं वेगळं ठेवा म्हणजे झालं.

तपासणी दर महिन्याला नको. यकृताचा ताठरपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनला ठरलेल्या मर्यादा असतात, अमुकच्या वर गेलं की काळजीचं. पोटरीसाठी अशी सर्वमान्य रेषा कोणी आखलेली नाही, त्यामुळे एकट्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. उजव्या-डाव्यातला ०.२चा फरकही निरोगी माणसांत सहज असतो, आणि तुमचा तर दोन्ही वेळा तेवढाच आहे. तरी फिजिओला काही कारणाने पुन्हा हवी असलीच, तर पहिल्याच सेंटरवर, त्याच मशीनवर, दिवसाच्या त्याच सुमाराला करा. आधी तीन दिवस उतार आणि जड व्यायाम नको, त्या सकाळी स्ट्रेचिंग नको. पालथं झोपून पाऊल कडेबाहेर सैल, गुडघा सरळ, दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं. गुडघ्यामागच्या घडीपासून घोट्याच्या बाहेरच्या हाडापर्यंतच्या अंतराच्या वरून ३० टक्क्यांवर पेनने खूण करायला सांगा, म्हणजे दरवेळी मोजणी त्याच जागी होते. जेल भरपूर, प्रोब धाग्यांच्या दिशेने आणि फक्त टेकवलेला. पाच मोजण्यांची सरासरी मीटर प्रति सेकंदमध्ये लिहून घ्या, पावलाची स्थितीही लिहायला लावा. इतकं सांभाळूनही दिवसागणिक दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतंच. जिममध्ये किंवा मैदानावर कुणी छोटं सोनोग्राफी यंत्र काढून पोटरी मोजून देतो म्हणाला, तर त्याची नोंदणी विचारा. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते पोटात बघायचं असो की पायात.

एक शक्यता मात्र डॉक्टरांसमोर ठेवा. दगड होणं दरवेळी जवळपास त्याच अंतरावर सुरू होतं का, पळत राहिलं की वाढतच जातं का, पावलाला मुंग्या येतात का, आणि थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरतं का, हे चार-पाच वेळा पळताना टिपून ठेवा. तसं असेल तर स्नायूंभोवतीच्या घट्ट आवरणातला दाब पळताना वाढत असण्याची शंका घ्यावी लागते, त्याला एक्झर्शनल कम्पार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. आरामात झोपवून केलेल्या तपासणीत तो दिसणार नाही, त्यासाठी व्यायामाआधी आणि लगेच नंतर दाब मोजावा लागतो आणि ते काम स्पोर्ट्स मेडिसिन किंवा अस्थिरोगतज्ज्ञाचं आहे. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल किंवा थायरॉइड बरेच दिवस तपासला नसेल, तर तेही त्याच भेटीत सांगा. दोन्हींनी स्नायू धरतात, पण तेव्हा सहसा एकच पोटरी धरत नाही.

आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली, फक्त चालतानाच नाही, तर बसल्या जागीही ठणकू लागली, तर स्ट्रेचिंगही नको आणि इलॅस्टोग्राफीही नको. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन शिरेत गुठळी नाही ना यासाठी डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. तसंच जबर व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा.